संगणकाची भाषा आणि तिचे पुस्तक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेने विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवण्याचा एक छोटा उपक्रम हाती घेतला होता. शाळेतील मुलांनी महिन्यातून एकदा गावातील विहिरीची पातळी मोजायची, शिक्षकांनी ती इंटरनेटवरील एका तक्त्यात भरायची, आणि आम्ही त्यावरून प्रत्येक गावाचा आलेख काढायचा, असा साधा बेत होता. एके दिवशी एका शिक्षकांचा दूरध्वनी आला. "सर, आमच्या गावाचं नाव अर्धंच दिसतंय. आणि आलेखातले आकडे आमच्या मुलांनी मोजलेले नाहीत."

आम्ही पाहिले, तर खरेच 'पिंपळग' एवढेच नाव आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह उमटत होते. थोडा शोध घेतल्यावर याहून गंभीर गोष्ट लक्षात आली. यादीत पिंपळगाव खुर्द आणि पिंपळगाव बुद्रुक अशी दोन गावे होती. दोन्हींची नावे एकाच ठिकाणी तुटल्यामुळे संगणकाने ती एकच समजली आणि दोन विहिरींची सरासरी काढून एकच आलेख दाखवला. प्रत्यक्षात खुर्दची विहीर मार्चमध्येच तळाला गेली होती, बुद्रुकच्या विहिरीत पाणी होते. आलेख पाहणाऱ्याला मात्र वाटावे की दोन्हीकडे ठीक चालले आहे.

आमची आज्ञावली 'पीएचपी' नावाच्या भाषेत लिहिलेली होती. चूक भाषेची नव्हती. जी गोष्ट आम्हाला महागात पडली, ती त्या भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहून ठेवलेली होती. आमच्या विद्यार्थ्याने ते पान उघडले नव्हते आणि आम्हीही उघडले नव्हते. त्या निमित्ताने ही भाषा आणि तिची मार्गदर्शिका कशी तयार होते याकडे आम्ही जरा बारकाईने पाहू लागलो. जे दिसले ते शिक्षकांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना उपयोगी वाटेल, म्हणून येथे मांडत आहोत.

छापील अर्ज आणि कारकून

प्रथम अशी भाषा करते काय, हे समजून घेऊ. शाळेच्या कार्यालयात बोनाफाइड दाखल्याचे छापील कागद असतात. मजकूर ठरलेला असतो. नाव, इयत्ता, जन्मतारीख एवढ्या जागा रिकाम्या असतात. विद्यार्थी आला की कारकून रजिस्टर उघडतो, रिकाम्या जागा भरतो आणि दाखला हातात देतो. विद्यार्थ्याला रजिस्टर दिसत नाही, भरलेला कागद तेवढा दिसतो.

इंटरनेटवरील बहुतेक पाने अशीच तयार होतात. तुमच्या संगणकावरील ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हरवर पानाचा ठरलेला मजकूर असतो आणि त्यात मधूनमधून सूचना पेरलेल्या असतात: येथे आजची तारीख घाल, येथे या गावाची पातळी घाल. पीएचपी या सूचना वाचते, पाळते आणि भरलेले पान ब्राउझरकडे पाठवते. सूचना सर्व्हरवरच राहतात. म्हणून अशा भाषेला सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट-भाषा म्हणतात.

ही भाषा आपल्याला अपरिचित वाटली, तरी तिचे काम आपण रोज पाहतो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती पीएचपीत लिहिलेली आहे, म्हणजे मराठी विकिपीडियाचे प्रत्येक पानही तिच्याच आधाराने उभे राहते. २००३ साली आलेली वर्डप्रेस आणि अनेक महाविद्यालयांत शिकवण्यासाठी वापरली जाणारी मूडल या प्रणालीही पीएचपीतच आहेत.

एका अर्जापासून सुरुवात

१९९४ साली रास्मुस लेर्डॉर्फ या तरुण संगणकतज्ज्ञाने स्वतःचा परिचय इंटरनेटवर ठेवला होता. तो कोण किती वेळा पाहते, हे मोजण्यासाठी त्यांनी सी भाषेत काही छोट्या आज्ञावली लिहिल्या. त्या संचाला त्यांनी 'पर्सनल होम पेज टूल्स' असे घरगुती नाव दिले. पीएचपी ही अक्षरे तेथून आली. नवी भाषा निर्माण करावी असा त्यांचा हेतू नव्हता. पण जून १९९५ मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला: संचाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती वाचावी, वापरावी, दुरुस्त करावी.

दुरुस्त्या येऊ लागल्या. मे १९९८ च्या एका पाहणीत सुमारे ६०,००० संकेतस्थळे ही प्रणाली वापरत असल्याचे आढळले. ही संख्या त्या वेळच्या एकूण संकेतस्थळांच्या जवळजवळ एक टक्का होती. दरम्यान १९९७ मध्ये आंडी गुटमन्स आणि झेएव सुरास्की या इस्राएलमधील दोन विद्यार्थ्यांना आपल्या एका प्रकल्पासाठी ही भाषा अपुरी वाटली. तक्रार करून ते थांबले नाहीत. भाषेचा वाक्यरचना समजून घेणारा गाभा त्यांनी नव्याने लिहिला. लेर्डॉर्फ यांनी तो स्वीकारला आणि जून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. पुढे या दोघांच्या नावांतील अक्षरे घेऊन गाभ्याला 'झेंड' म्हणू लागले. त्यावर आधारलेली चौथी आवृत्ती मे २००० मध्ये निघाली.

या इतिहासाच्या खुणा भाषेत आजही सापडतात. दोन अपूर्णविराम लागोपाठ लिहिण्याच्या चिन्हाला गाभ्यात 'पामायिम नेकुदोतायिम' असे नाव आहे. ही हिब्रू भाषा. अर्थ, दोनदा अपूर्णविराम. चुकीच्या संदेशात हे शब्द पाहून जगभरच्या नवशिक्यांची भंबेरी उडाली. शेवटी मार्गदर्शिकेत त्याचा खुलासा द्यावा लागला.

दुसरी खूण अधिक बोलकी आहे. पीएचपीतील फंक्शनांची नावे, म्हणजे ठरावीक कामे करून देणाऱ्या तयार आज्ञांची नावे, काही अगदी आखूड तर काही कंटाळवाणी लांब आहेत. लेर्डॉर्फ यांनीच २०१३ मध्ये याचे एक कारण सांगितले. अगदी सुरुवातीला फंक्शने शंभराहून कमी होती, आणि ती शोधण्यासाठी नावातील अक्षरांची संख्या वापरली जात असे. पाच अक्षरांची नावे पाचव्या खणात, आठ अक्षरांची आठव्या, असे ते कपाट होते. सगळी नावे सारख्याच लांबीची झाली तर एकच खण भरून जाईल आणि शोधायला वेळ लागेल, म्हणून नावांच्या लांबीत मुद्दाम विविधता ठेवली गेली. ते कपाट केव्हाच मोडीत निघाले, नावे मात्र राहिली. कारण एकदा लाखो लोकांनी एखादे नाव वापरले की ते बदलणे म्हणजे त्या सर्वांच्या आज्ञावली मोडणे.

बदल कसा होतो

मुक्त स्रोत म्हणजे 'कोणीही येऊन काहीही बदलावे' असा समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. वाचायला आणि स्वतःची प्रत बदलायला सर्वांना मोकळीक असते. मूळ प्रतीत बदल जाण्यासाठी मात्र एक वाट ठरलेली आहे.

समजा, तुम्हाला भाषेत नवीन सोय हवी आहे. तिचा लेखी प्रस्ताव करायचा. त्यात सोय कशासाठी, ती कशी वागेल, जुन्या आज्ञावलींपैकी काय मोडेल, हे लिहायचे. त्यावर ठरावीक मुदतीची खुली चर्चा होते आणि मग मतदान. २०११ पासून मतदानाचे नियम लेखी आहेत आणि आता प्रस्ताव मंजूर होण्यास दोन तृतीयांश मते लागतात. प्रस्ताव नामंजूर झाला तरी तो पुसला जात नाही. तो का नाकारला गेला, हे पुढच्या माणसाला वाचता येते. प्रयोगवहीत फसलेला प्रयोगही लिहावा असे आपण मुलांना सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

बदलाबरोबर चाचणीही द्यावी लागते. चाचणीची फाइल साधी असते: वर चाचणीचे नाव, खाली चालवायची आज्ञावली, त्याखाली अपेक्षित उत्तर. संगणक आज्ञावली चालवतो आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. अशा हजारो चाचण्या साठलेल्या आहेत. नव्या बदलाने जुनी एखादी चाचणी नापास झाली, की कोणीतरी उठून विचारतो, हे मुद्दाम केले की चुकून?

सोय आणि तिची किंमत

भाषा घडवणाऱ्यांपुढे खरा पेच सोयीचा असतो. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण. पानावरच्या अर्जात भरलेली माहिती सर्व्हरकडे येते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अर्जातील प्रत्येक रकाना आपोआप त्याच नावाचा चल बनत असे. अर्जात 'गाव' असेल तर आज्ञावलीत 'गाव' हा चल तयार. नवशिक्यांना फार सोयीचे! आता समजा, आज्ञावलीत 'मुख्याध्यापक' नावाचा एक चल आहे. परवलीचा शब्द बरोबर आला तर त्याचे मूल्य 'होय' होते आणि मग गुणपत्रिका बदलता येते. लिहिणाऱ्याने त्याला आधी 'नाही' असे मूल्य द्यायचे राहिले. एखाद्या खोडकर मुलाने पानाच्या पत्त्यापुढे 'मुख्याध्यापक = होय' असे स्वतःच जोडून पाठवले, की परवलीचा शब्द न देताच दार उघडते.

एप्रिल २००२ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवली जाऊ लागली. हवी असल्यास चालू करता येत होती. ती पूर्णपणे काढली गेली मार्च २०१२ मध्ये, ५.४ आवृत्तीत. धोका लक्षात येऊनही मधे दहा वर्षे गेली, कारण असंख्य चालू संकेतस्थळे त्या सोयीवर उभी होती.

दुसरे उदाहरण तुलनेचे. अर्जातून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते. आकडा ५ देखील '५' हे अक्षर म्हणून येतो. म्हणून पीएचपीत मजकूर आणि संख्या यांची तुलना करताना भाषा स्वतःच रूपांतर करते. परंतु ज्या मजकुरात आकडा नाही, त्याचे रूपांतर शून्य होत असे. परिणामी 'शून्य आणि गणित हा शब्द समान आहेत का?' या प्रश्नाला सातव्या आवृत्तीपर्यंत उत्तर 'होय' मिळे! नोव्हेंबर २०२० च्या आठव्या आवृत्तीने हे बदलले.

तरी एक सापळा उरतोच. समजा, शाळेत पाचवी, तुकडी ई, हजेरी क्रमांक २ असा विद्यार्थी आहे आणि आपण त्याला इंग्रजी आकडे व अक्षर वापरून 'पाच-ई-दोन' असा सलग सांकेतिक क्रमांक दिला. शास्त्रीय लेखनात याचा अर्थ ५ गुणिले दहाचा वर्ग, म्हणजे ५००, असा होतो. दोन समान-चिन्हांनी (==) तुलना केली तर पीएचपी आजही या विद्यार्थ्याला आणि क्रमांक ५०० च्या विद्यार्थ्याला एकच मानते. तीन चिन्हे (===) वापरली तर रूपांतर होत नाही आणि दोघे वेगळे राहतात. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून निकालपत्रकात काय होईल, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आणि हे ठाऊक व्हायचे कसे? येथे मार्गदर्शिकेचा विषय येतो.

मार्गदर्शिका कशी लिहिली जाते

पीएचपीची मार्गदर्शिका एका लेखकाने लिहिलेली नाही. भाषेप्रमाणेच तिच्या फाइलीही खुल्या आहेत आणि त्याही बदल-तपासणीच्या वाटेनेच जातात. प्रत्येक फंक्शनला एक पान असते आणि पानाचे भाग ठरलेले असतात: नाव व एका ओळीत काम, त्याला काय द्यायचे, ते काय परत देते, कोणत्या आवृत्तीत काय बदलले, उदाहरण व त्याचे उत्तर, सावधगिरीच्या सूचना, आणि शेवटी 'हेही पाहा'. प्रयोगवहीतील उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमाची आठवण व्हावी अशीच ही शिस्त आहे. वाचकाला प्रत्येक पानावर कोणती गोष्ट कुठे सापडेल हे आधीच ठाऊक असते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. मजकुरात मजकूर शोधणाऱ्या फंक्शनांच्या पानांवर मार्गदर्शिका 'गवताची गंजी' आणि 'सुई' असे शब्द वापरते. ज्यात शोधायचे ती गंजी, जे शोधायचे ती सुई. कल्पना झकास आहे. परंतु 'स्ट्रपॉस' या फंक्शनला आधी गंजी द्यावी लागते आणि मग सुई. 'इन अरे' या फंक्शनला आधी सुई आणि मग गंजी. भाषेतील ही विसंगती लिहिणाऱ्याने निर्माण केली नाही, आणि तिला ती लपवताही येत नाही. जे आहे ते नेमके सांगणे एवढेच तिच्या हाती असते. आमच्या मते चांगल्या मार्गदर्शिकेची ही कसोटी आहे. भाषा कशी असायला हवी होती हे सांगण्याचा मोह टाळून ती कशी आहे हे सांगायचे.

दुसरी अडचण भाषांतराची. मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला जातो आणि त्यावरून जपानी, फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज अशा भाषांत भाषांतरे होतात. इंग्रजी पान बदलले आणि भाषांतर तसेच राहिले, तर वाचक जुन्याच माहितीवर विसंबून राहील. यासाठी एक साधा उपाय योजला आहे. भाषांतराच्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर, ते इंग्रजी पानाच्या नेमक्या कोणत्या बदलावरून केले आहे, त्याची खूण लिहिलेली असते. संगणक त्या खुणा ताडून शिळ्या झालेल्या पानांची यादी काढतो. पाठ्यपुस्तकाच्या मराठी आणि इंग्रजी आवृत्त्यांत फरक आढळून वर्गात वाद झालेले शिक्षकांना आठवत असतील. तेथेही ही खूण उपयोगी पडेल. पीएचपीच्या मार्गदर्शिकेचे मराठी भाषांतर मात्र नाही.

अक्षर म्हणजे काय?

आता आमच्या पिंपळगावाकडे वळू. आमच्या विद्यार्थ्याने नाव वीस अक्षरांवर कापण्याची सूचना दिली होती. पिंपळगाव खुर्द हे नाव रोमन लिपीत लिहिले तर मधली मोकळी जागा धरून सोळा अक्षरे होतात, बुद्रुक असेल तर सतरा. म्हणजे वीस पुरेशी होती. त्याने चाचणीही रोमन लिपीतच घेतली होती.

पण पीएचपीचे साधे कापणारे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. आजच्या प्रचलित युटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'पिंपळग' यात प, वेलांटी, अनुस्वार, प, ळ, ग अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट झाले. उरलेल्या दोन बाइटांत पुढच्या कान्याचे दोन तृतीयांश मावले. अर्ध्या कान्याला काही रूप नसल्यामुळे ब्राउझरने प्रश्नचिन्ह दाखवले. 'निफाड' हे नाव पंधरा बाइटांत बसते, म्हणून त्या गावाची तक्रार आली नाही.

'मराठी' हा शब्द घेऊन हे पडताळून पाहता येईल. लांबी मोजणारे साधे 'स्ट्रलेन' फंक्शन उत्तर देते १५. बहुबाइटी लिप्यांसाठीचे 'एमबी स्ट्रलेन' उत्तर देते ५. आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षरे मोजणारे 'ग्राफीम स्ट्रलेन' उत्तर देते ३: म, रा, ठी. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. साध्या फंक्शनच्या पानावर 'हे बाइट मोजते, अक्षरे नाहीत' अशी सूचना आहे आणि 'हेही पाहा' खाली दुसऱ्या फंक्शनचे नाव आहे. ते दुसरे कुटुंब मुळात जपानी कार्यकर्त्यांच्या गरजेतून आणि कष्टांतून भाषेत आले. एका लिपीची अडचण दुसऱ्या लिपीच्या लोकांनी आधी भोगली आणि सोडवली होती; आम्ही फक्त पान उलटायचे होते.

भाषेच्या गाभ्यातच सर्व लिप्यांना सामावून घेण्याचा एक मोठा प्रयत्नही झाला. सहाव्या आवृत्तीत प्रत्येक मजकूर आतून युटीएफ-१६ या पद्धतीने ठेवायचा, असे ठरले होते. काही वर्षांच्या कामानंतर सतत रूपांतर करण्याचा भार, वाढलेली साठवण आणि कामाचा प्रचंड व्याप पाहून २०१० मध्ये तो प्रयत्न थांबवण्यात आला. त्यातील इतर सुधारणा ५.३ आणि ५.४ या आवृत्त्यांतून दिल्या गेल्या. सहाव्या आवृत्तीवर पुस्तके मात्र आधीच निघाली होती! गोंधळ नको म्हणून २०१४ मध्ये मतदान होऊन तो क्रमांकच वगळला गेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये थेट सातवी आवृत्ती आली. अस्तित्वात नसलेल्या आवृत्तीची पुस्तके हे घाईने केलेल्या दस्तऐवजीकरणाचे नमुनेदार उदाहरण म्हणावे लागेल.

गंमत अशी, की बाइटांकडे अशा आंधळेपणाने पाहण्याचा एक फायदाही आहे. रोमन नसलेले सर्व बाइट चलाच्या नावात चालत असल्यामुळे 'गुण' किंवा 'पाणीपातळी' असे देवनागरी नाव चलाला देता येते. मुलांना तर्क शिकवताना याचा उपयोग जरूर करून पाहावा.

विश्वास कोणावर ठेवायचा?

२८ मार्च २०२१ रोजी पीएचपीच्या मूळ प्रतीत दोन बदल दाखल झाले. एक स्वतः लेर्डॉर्फ यांच्या नावाने, दुसरा निकिता पोपोव्ह या प्रमुख कार्यकर्त्याच्या नावाने. शुद्धलेखनाची किरकोळ दुरुस्ती, असे वर्णन दिले होते. प्रत्यक्षात त्यात चोरदार होते: ठरावीक शब्द असलेली मागणी पाठवणाऱ्याला सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. दोघांपैकी कोणीही ते बदल केलेले नव्हते. दाखल होणारा प्रत्येक बदल वाचण्याची इतरांना सवय असल्यामुळे काही तासांतच लबाडी उघड झाली आणि बदल मागे घेतले गेले. कोणत्याही प्रसिद्ध आवृत्तीत ते पोहोचले नाहीत. त्यानंतर मूळ प्रत स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता गिटहब या सेवेवर हलवण्यात आली.

'खुले असल्यामुळे सुरक्षित' असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अपुरे आहे. दार उघडे असून आत कोणीच पाहत नसेल, तर उपयोग नाही. त्या दिवशी पाहणारे डोळे होते, म्हणून निभावले. आणि ते डोळे फार थोडे असतात. त्याच वर्षाच्या शेवटी पोपोव्ह दुसऱ्या प्रकल्पाकडे जाणार हे स्पष्ट झाले, तेव्हा गाभ्याचे खोलवर ज्ञान किती मोजक्या माणसांत साठले आहे याची जाणीव सर्वांना झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये या भाषेवर अवलंबून असलेल्या काही कंपन्यांनी एकत्र येऊन पीएचपी फाउंडेशन स्थापन केले. गाभ्यावर काम करणाऱ्यांना ते मोबदला देते. एका माणसाच्या डोक्यातील ज्ञान दुसऱ्याला मिळावे, याची काही तजवीज त्यामुळे झाली.

आम्ही काय केले, आणि वर्गात काय करता येईल

आमच्या आज्ञावलीत दुरुस्ती दोन ओळींची होती. कापणारे फंक्शन बदलले आणि गाव ओळखण्यासाठी नावाऐवजी ठरावीक क्रमांक वापरला. त्यानंतर जे करायला अधिक वेळ लागला, ते म्हणजे आमच्या स्वतःच्या तक्त्याची मार्गदर्शिका लिहिणे. पातळी कोठून मोजायची, काठावरून की जमिनीच्या पातळीपासून? विहीर कोरडी असेल तर शून्य लिहायचे की रकाना रिकामा ठेवायचा? लिहायला बसल्यावर कळले, की या प्रश्नांची उत्तरे आम्हीच निश्चित केलेली नव्हती. कोरड्या विहिरीला काही शाळा शून्य लिहीत होत्या, काही रकाना सोडून देत होत्या.

संगणक नसलेल्या वर्गातही हा प्रयोग करता येतो. एका गटाला 'महिन्याच्या उपस्थितीचा टक्का काढणे' या कामाचे पान लिहू द्या: काय द्यायचे, काय मिळते, उदाहरण, सावधगिरी. दुसऱ्या गटाने केवळ ते पान वाचून उत्तर काढायचे, मनाचे काही घालायचे नाही. मग हळूच विचारा: मुलगी पंधरा तारखेला शाळेत दाखल झाली असेल तर? अर्धा दिवस कसा धरायचा? कामाचे दिवसच शून्य असतील, तर भागाकाराचे काय? पानाला दुसरी, तिसरी आवृत्ती काढावी लागेल. प्रत्येक आवृत्तीत काय बदलले आणि का, हे खाली लिहायला सांगा.

पिंपळगाव खुर्दचे आणि बुद्रुकचे आलेख आता वेगळे दिसतात. ज्या शिक्षकांनी दूरध्वनी केला, त्यांनीच नंतर आमच्या मार्गदर्शिकेतील दोन चुका कळवल्या. त्या आम्ही दुरुस्त केल्या आणि तारखेसह तळाशी नोंदवल्या.